पलंग बघायला आलेला माणूस

अठ्ठावन्नाव्या वर्षी माझं लग्न ठरलं आणि मी पहिलं काम केलं ते पलंग मोजण्याचं. साडी नाही, दागिना नाही, कुणाच्या हातावर पेढा नाही. शिवणाची टेप घेऊन गुडघ्यांवर रांगत मी पलंगाला प्रदक्षिणा घातली. तीनदा मोजला आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेली बाई मी. शेवटी लांबी साडेसहा फूट, रुंदी सहा फूट असं वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि एकटीच हसत सुटले. त्या दिवसांत मी कशालाही हसत होते. चहात साखरेऐवजी मीठ पडलं तरी हसायचे आणि तो चहा पिऊनही टाकायचे.

नवरदेव धुळ्याचे. विज्ञानाचे शिक्षक, माझ्यासारखेच निवृत्त, वय एकसष्ट. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेलेली, एकच मुलगी, ती शिरपूरला दिलेली. आमची ओळख दहावीच्या पेपर तपासणीत झाली, आणि तीही भांडणातून. त्यांच्या टेबलाजवळचा पंखा माझे पेपर उडवत होता. मी पंखा बंद करायची, ते लावायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या गठ्ठ्यांवर ठेवायला घरून चार गुळगुळीत दगड आणले. त्यानंतर चार वर्षं फोन. मी त्यांना सर म्हणते, ते मला बाई म्हणतात. लग्नानंतरही हेच चालणार असं दिसतं, कारण दुसरं काही म्हणून बघितलं की दोघांनाही खोकला येतो.

सगळं ठरलं, नोंदणीचा सोमवार ठरला, आणि तिथंच माझं गाडं अडलं. अडलं एका पलंगावर.

झालं असं की लग्न पक्कं करायला मी आणि माझा धाकटा भाऊ त्यांच्या घरी गेलो होतो. चहा झाला, मी कपबशा आत ठेवायला उठले आणि वाटेत आतल्या खोलीचं दार उघडं दिसलं. आत मोठा थोरला पलंग. डोक्याशी आरसा, पायथ्याशी कोरलेले मोर, वर गुलाबी फुलांची चादर एकही सुरकुती न ठेवता ताणून घातलेली. ती चादर कोणी निवडली असणार हे सांगायची गरज नव्हती. मी बघतेय हे सरांनी बघितलं. ते उठले आणि त्यांनी ते दार हळूच ओढून घेतलं. मग पावसाचा विषय निघाला.

परतीच्या बसमध्ये पारोळा गेलं आणि एरंडोल येईपर्यंत माझं ठरलं होतं. त्या पलंगावर मी झोपणार नाही. मला त्या बाईंचा हेवा वाटला नव्हता, खरंच नाही. त्यांचा पलंग त्यांचाच असावा. पण मला माझी जागा हवी होती, कुणाची तरी रिकामी झालेली नको होती. हे सरांना सांगायची मात्र माझी टाप नव्हती. त्यांनी ते दार ज्या तऱ्हेनं ओढून घेतलं ते मला विसरता येत नव्हतं. समजा, तो पलंग त्यांना काही केल्या हलवायचा नसला तर? समजा, त्यांनी नाही म्हटलं तर? मग मलाही नाही म्हणावं लागलं असतं, आणि मला नाही म्हणायचं नव्हतं. मला लग्न करायचं होतं. फार म्हणजे फारच करायचं होतं.

म्हणून मी एक बेत केला. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला तो अगदी अक्कलहुशारीचा वाटला होता. विचारायचंच नाही. माझा पलंग गाडीत घालून सरळ त्यांच्या दारात उभा करायचा. दारात आलेला पलंग काय ते परत पाठवणार आहेत?

माझ्या पलंगाचीही एक गोष्ट आहे. तो माझ्या आंदणाचा. पंचविसाव्या वर्षी माझं लग्न एकदा ठरलं होतं, एरंडोलचं स्थळ. आमच्याकडे मुलीला आंदणात पलंग-गादी देतात. वडिलांनी पहूरच्या घरी अंगणात सुतारकाम करणाऱ्या चाचांना बसवलं आणि सागवानाचा जोडपलंग करून घेतला. गादी घरच्या कापसाची, पिंजाऱ्यानं अंगणातच पिंजून भरलेली. पलंगाला शेवटचं पॉलिश झालं त्याच आठवड्यात मुलाकडच्यांचा नकार आला. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. महिनाभर घरात त्या पलंगाकडे कोणी बघेना. मग माझी जळगावच्या शाळेतली नोकरी कायम झाली तेव्हा मीच वडिलांना म्हटलं, लग्नाला नाही तर नोकरीला द्या आंदण. तेव्हापासून तेहतीस वर्षं तो पलंग माझ्याकडे आहे, आणि मला सांगायला हरकत नाही, मी त्याच्यावर उत्तम झोपले आहे.

आता हा पलंग न्यायचा कसा? मी सुरुवात जोरात केली. पुण्याच्या एका मोठ्या सामान हलवणाऱ्या कंपनीला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"मॅडम, क्वीन साईज की किंग साईज?"

"सहा बाय साडेसहा."

"म्हणजे किंग. मॅट्रेस फोमची आहे, स्प्रिंगची की लॅटेक्सची?"

"कापसाची."

पलीकडे बटणं खटखटली. "कापसाची असा ऑप्शन नाही, मॅडम."

"आमच्या खानदेशात दुसरा ऑप्शन नाही, बाळा."

"बरं. बेडला हायड्रॉलिक स्टोरेज आहे का?"

"खाली पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. कधीकधी मांजर असते."

तिनं ते लिहून घेतलं असावं. मग म्हणाली व्हिडिओ कॉल करा, सगळं दाखवा. मी फोन उलटा धरला आणि तिला दहा मिनिटं माझं नाक आणि छताचा पंखा दाखवला. शेवटी ती म्हणाली की फक्त एक पलंग आणि एक गादी नेण्यासाठी त्यांची गाडी येत नाही, पूर्ण घर असेल तर सांगा. पूर्ण घर तर आता कुठं होणार होतं, पण हे तिला कसं सांगू?

मग भावाचा फोन आला. भाऊ पहूरला असतो, त्याची केळीची शेती आहे.

"ताई, गाडी भाड्याने कायले करतेस? आपला केळीचा टेम्पो आहे ना. मी येतो, पलंग टाकू, भुर्रकन धुळ्याले."

"आणि चीक?"

"खाली केळीची पानं अंथरू ना."

ज्यांच्या घरी केळी नाही त्यांना हे कळायचं नाही. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की तो काळा डाग जात नाही, कापडच जातं. माझ्या भावाकडे चिकाचा डाग नसलेला एकच शर्ट आहे आणि तो त्याच्या सासऱ्यांनी परवा दिला म्हणून. त्या टेम्पोत माझी गादी घालायची आणि वर पुन्हा चीक लागू नये म्हणून केळीचीच पानं अंथरायची, हा उपाय माझ्या भावालाच सुचू शकतो. मी त्याला नाही म्हटलं. तो रुसला. आंदण भावानेच पोचवायचं असतं, असं दोनदा म्हणाला. मग मात्र त्यानंच कामाची गोष्ट सांगितली: जळगावची गाडी करू नको, धुळ्याची कर. धुळ्याची माणसं इकडे सामान उतरवतात आणि रिकामी परत जातात, ती एका पलंगाला नाही म्हणणार नाहीत.

दोन दिवसांनी बाजारात एका उभ्या गाडीच्या मागे लिहिलेलं दिसलं, घरसामान हलवून मिळेल, धुळे, शिरपूर, जळगाव. मी नंबर घेतला, फोन केला. माणूस बोलायला मोकळा होता. शुद्ध मराठीत सुरुवात करायचा आणि दोन वाक्यांत अहिराणीवर यायचा. शुक्रवारी जळगावात एक सामान उतरवायचं आहे, तेव्हा येऊन पलंग बघून जातो म्हणाला. "बघितल्याशिवाय मी काम लेत नही, ताई. सामान कुठं उतरावनं शे?" मी धुळ्याचा पत्ता सांगितला. नाव सांगितलं नाही. नुसता पत्ता. आपण फार सावध आहोत असं मला वाटलं.

गुरुवारी मी गादी गच्चीवर ऊन दाखवायला नेली. म्हणजे न्यायला निघाले. कापसाची गादी एकटीनं जिन्यावरून चढवायची नसते. आठव्या पायरीवर तिनं मान टाकली आणि माझ्यावरच कोसळली. मी खाली, गादी वर, दम लागलेला आणि हसू आवरत नव्हतं. खालच्या मजल्यावरून अक्का काठी टेकत आल्या. अक्का म्हणजे माझ्या घरमालकीण, वय बहात्तर, चोपड्याकडच्या. वीस वर्षं त्यांनी मला भाडेकरू मानलेलं नाही आणि त्यामुळे सतत रागावत आल्या आहेत.

"अगं पोरी, काय करून राहिली?"

"गादीला ऊन दाखवतेय."

"ऊन तुलेच लागलं आहे," अक्का म्हणाल्या आणि गादीचं दुसरं टोक धरलं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. इथं तर नवरीच उतावळी."

माझं लग्न ठरलं हे अक्कांना मीच सांगितलं होतं. सरांना मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. आम्ही भेटायचो ते बाहेर, बहुतेक बसस्टँडवरच्या रसवंतीत. अक्कांना याचा राग होता. नवरदेव धुळ्याचा, शिकलेला, आणि अजून घरी येऊन पाया पडला नाही.

शुक्रवारी सकाळी उन्हात गादी नीट बघितली आणि माझ्या लक्षात आलं की खोळ पार विटलीय. परक्या माणसांसमोर ही गादी न्यायची? मी तडक बाजारात निघाले, नवी खोळ शिवून घ्यायला. गाडीवाला दुपारी येणार होता. तरी खबरदारी म्हणून अक्कांकडे किल्ली दिली आणि घाईत सांगितलं, "धुळ्याहून माणूस येईल, पलंग बघायला. आला तर बसवून घ्या."

एवढंच. आता विचार करते तेव्हा वाटतं, यात अक्कांची काय चूक?

शिंप्याकडे गर्दी होती. मला परतायला दीड वाजला. कोपऱ्यावर धुळ्याची गाडी उभी दिसली आणि मी झपाझप चालत फाटकात आले तर ओसरीवर पंगत बसलेली. तीन अनोळखी माणसं सतरंजीवर ओळीनं. तिघांच्या डोक्यावर कोऱ्या पांढऱ्या टोप्या, तिघांच्या खांद्यावर नवे टॉवेल, कपाळाला कुंकू, मधल्याच्या मांडीशी नारळ. तिघांच्या ताटात शेवभाजी, पोळ्या, कांदा. मधला माणूस जाडजूड, पन्नाशीचा, त्याच्या ताटाशेजारी लोखंडी मोजण्याची टेप पडलेली. आणि समोर अक्का, एका हातानं पोळी वाढतायत आणि तोंडानं त्या माणसाची खरडपट्टी काढतायत.

आमच्याकडे हे असंच असतं. पाहुणा आला की आधी टॉवेल-टोपी, मग जेवण, आणि काही ऐकवायचं असेल तर ते पोट भरल्यावर. अक्कांनी फक्त शेवटच्या दोन गोष्टी एकत्र उरकायला घेतल्या होत्या.

"आंदण बघायले येता, लाज नाही वाटत?" अक्का म्हणत होत्या. "या वयात? आमची पोर काय उघड्यावर पडली आहे? पलंग फिरून फिरून बघितला, खाली वाकून वाळवी बघितली, वर विचारता की सागवान खरं आहे का! घ्या, अजून एक पोळी घ्या."

"बस, अक्का, पुरे व्हयनी," तो माणूस काकुळतीनं म्हणाला. "वाळवी तर देखनीच पडस. नंतर लोक म्हणतस, तुम्ही लावी."

"आणि संगती हे दोघे आणले, वऱ्हाडी म्हणून. गाडीत बसवून ठेवले होते! माणसाले असं बसवतात का?"

दोघे वऱ्हाडी मान खाली घालून भाजी ओरपत होते. आपल्या बाजूनं कोणी इतकं बोलल्याची त्यांना सवय नसावी.

माझ्या ध्यानात सगळा प्रकार आला आणि मी फाटकालाच धरून उभी राहिले. धुळ्याहून आलेला माणूस. पलंग बघायला आलेला. अक्कांनी सामान हलवणाऱ्यालाच नवरदेव करून टाकलं होतं, ओवाळलं होतं, आणि आंदणाला हपापलेला म्हणून त्याला झापत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं, पण हसण्यानं शब्द फुटेना. पोटात कळ आली. अक्कांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, त्या भरात होत्या.

"आणि मी तुम्हाले विचारलं तर काय म्हणता? पहिल्या बायकोचा पलंग कुठे आहे विचारलं, तर म्हणे शिरपूरले पोचवून दिला! स्वतःच्या हातानं! अहो, बाई गेली म्हणून तिचा पलंग असा घराबाहेर काढतात? मन आहे का दगड?"

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

अक्का वळल्या. "आली का? बघ हा तुझा नवरदेव. स्वतःच सांगतो आहे, पलंग उचलला आणि..."

"अक्का, हे नवरदेव नाहीत. हे गाडीवाले आहेत. पलंग धुळ्याला नेणारे."

अक्कांच्या हातातली पोळी हातातच राहिली. त्यांनी त्या माणसाकडे बघितलं, त्याच्या टोपीकडे बघितलं, नारळाकडे बघितलं. "मग हे आधी सांगायचं नाही का?" त्या त्यालाच ओरडल्या.

"माले वाटनं, तुम्हना घरनी रीत शे," तो बिचारा म्हणाला.

पण मला आता त्यांच्या भांडणात रस नव्हता. मी ओसरीच्या पायरीवर त्याच्या समोरच बसले. शिवलेल्या खोळीचं गाठोडं मांडीवर. "भाऊ, शिरपूरला कोणाचा पलंग पोचवला तुम्ही?"

त्यानं घास गिळला, पाणी प्यायला. "ताई, तुम्ही जो पत्ता दिन्हा, त्याच घरना. पत्ता ऐका तवयच मी वळखं. मांगला पंधरवाडामा मीच तठून पलंग उचला आणि शिरपूरले त्यासनी आंडेरकडे पोचाडी दिन्हा. मोठा पलंग, आरसावाला, मोरवाला."

"मुलीकडे?"

"आंडेर मांगी राह्यनी व्हती. मायना पलंग शे म्हणे, माले पाहिजे. पोर रडनी बी, खूश बी व्हयनी." त्यानं कांद्याची फोड उचलली. "आज सकाळमाच मी तठे जाई उनू, जिना मोजाले. दोन्हीकडचं मोजं नही तर पलंग मधमाच अडकस. त्या घरना भाऊ घरमाच व्हतात. म्हणनू, जळगावहून पलंग येवाव शे, खोली दखाडा. त्यासनी दार उघडं. खोली बठ्ठी रिकामी शे, ताई. खाले एक चटई. भाऊ पंधरा दिवसपासून चटईवर झोपी राह्यनात."

म्हणजे माझं बिंग फुटलं होतं. सरांना सगळं कळलं होतं. मी घाबरायला हवं होतं, पण मला ती रिकामी खोली दिसत होती आणि तिच्यातली चटई. एकसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून कुरकुर करणारा, जमिनीवर झोपत होता.

"नवा का नाही घेतला?" मी विचारलं.

"मी बी तेच इचारं. तर म्हणतस, त्या दिन बाईसनी तो पलंग देखा आणि मी दार लाई लिधं, तवयपासून माले झोप नही. पलंग तर काढा, पण आते ज्यासले झोपनं शे त्यासले न इचारता नवा कसा लेऊ? आणि इचारानी हिंमत नही." त्यानं डाव्या हातानं खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "हाऊ कागद दिन्हा त्यासनी. म्हणनात, माप बाईसलेच दखाडा, त्या गणितना शेतस."

मी कागद उघडला. आलेखाचा कागद. सरांनी खोली प्रमाणात काढली होती, एक सेंटीमीटर बरोबर एक फूट. जिन्याच्या पायऱ्या मोजून, वळणाचा कोन लिहून. दरवाजाची रुंदी दोन ठिकाणी, कारण तो वर थोडा अरुंद आहे. खिडकी, तिच्यातून येणाऱ्या उन्हाच्या वेळा, विजेची बटणं. आणि खोलीच्या मध्यभागी पेन्सिलीनं, अगदी फिकट, दोन जागा तुटक रेषांनी आखलेल्या. खाली त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: "पलंग बाईंचा असल्यास येथे किंवा येथे. नसल्यास दोघांनी मिळून बघायला जावे."

इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते, आणि ते तिकडे कोन मोजत होते. अक्कांनी कागद माझ्या हातून ओढून घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाल्या, "हे काय, घराचा नकाशा? हा खरा नवरदेव का?"

"हो."

"ह्याले पण ओवाळायला पाहिजे," अक्का म्हणाल्या, आणि आपण बराच आब राखून बोललो असं दाखवत पुन्हा पोळ्या वाढायला लागल्या.

तेवढ्यात त्या माणसाचा फोन वाजला. उजवा हात शेवभाजीच्या तर्रीनं लाल झालेला, म्हणून त्यानं डाव्या करंगळीनं स्पीकरचं बटण दाबलं आणि फोन ताटाशेजारी ठेवला.

"हां भाऊ, पोचलात का जळगावला?" सरांचा आवाज. ओसरीभर घुमला.

"पोचनू. जेवी राह्यनू."

"जेवताय?" सर गोंधळले. "बाई आहेत का तिथं? कागद दिला?"

"दिन्हा."

"काय म्हणाल्या?"

"काहीच नही. नुसत्या देखी राह्यन्यात."

"रागावल्यात का?"

त्या माणसानं माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "हसतस का रडतस, माले समजत नही, भाऊ."

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. मग सर घसा खाकरले. "असं करा, त्यांना फक्त एक गोष्ट विचारा. म्हणजे कुठल्या जागेवर लावायचा ते ठरवता येईल. त्यांना म्हणावं, त्या खिडकीकडच्या बाजूला झोपतात की भिंतीकडच्या?"

तिन्ही टोप्या माझ्याकडे वळल्या. अक्का वाढता वाढता थांबल्या. पुण्याच्या त्या मुलीनं मला पलंगाबद्दल सगळं विचारलं होतं, हे तिनंही विचारलं नव्हतं. तेहतीस वर्षांत कोणीच विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सरांच्या दोन्ही पर्यायांत बसत नव्हतं. मी फोनकडे वाकले.

"मी मधोमध झोपते, सर."

मी तिथंच आहे, ऐकतेय, हे त्यांना तेव्हा कळलं. ते दचकले असावेत, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग ते इतक्या हळू म्हणाले की ताटाजवळ कान न्यावा लागला. "हो. बरोबर आहे. एकट्या होतात ना."

"पण सरकेन," मी म्हणाले. "भिंत तुम्ही घ्या."